डीकोडर, जेसन
जेसन मजकूर तपासून त्यातली मूल्ये आधीच ठरवलेल्या टाइपच्या रचनेत उतरवण्याचा नियम. हास्केलमध्ये ‘एसन’, स्कालामध्ये ‘सर्सी’ ही लायब्ररी आणि एल्ममध्ये ‘जेसन.डीकोड’ हे मॉड्यूल यासाठी वापरतात. मजकूर नियमात बसला नाही तर रचनेऐवजी त्रुटी हाती येते. या दोन्ही शक्यता निकालाच्या टाइपमध्येच असल्याने त्रुटीची दखल घ्यावीच लागते.

एकात एक गुंफलेल्या मजकुराचा चांगला नमुना म्हणजे नकाशांसाठीचे जिओजेसन (आरएफसी ७९४६, २०१६). लातूर आणि नांदेड ही शहरे त्यात मांडली तर सर्वांत बाहेर ‘फीचर-कलेक्शन’, त्यात ‘फीचर्स’ची यादी, प्रत्येक फीचरमध्ये ‘प्रॉपर्टीज’ (नाव आणि २०११ च्या जनगणनेतला जिल्हा-संकेतांक : लातूर ५२४, नांदेड ५११) आणि ‘जॉमेट्री’, जॉमेट्रीच्या पोटात ‘कोऑर्डिनेट्स’ : लातूर [७६.५८, १८.४०], नांदेड [७७.३१, १९.१५].

डीकोडर आतून बाहेर रचत जातात. आधी दोन संख्यांचा, त्यावरून बिंदूचा, मग फीचरचा. त्याला ‘लिस्ट’ लावले की जिल्हे दोन असोत की छत्तीस, तोच चालतो. नांदेडचा रेखांश चुकून अवतरणचिन्हांत आला, तर त्रुटीसोबत फीचर्स[१], जॉमेट्री, कोऑर्डिनेट्स[०] असा पत्ताही मिळतो, मोजणी शून्यापासून. एल्म पहिल्या चुकीपाशी थांबते. सर्सीत सगळ्या चुका एकदम गोळा करण्याची सोय आहे, आणि मोठ्या सरकारी फायलींसाठी तीच बरी.

जिओजेसनमध्ये रेखांश आधी, अक्षांश नंतर. बोलताना आपण नेमके उलटे म्हणतो. क्रम बदलला की लातूर थेट स्वालबार्डजवळच्या आर्क्टिक समुद्रात जाऊन पडते आणि साधा डीकोडर हूं की चूं करत नाही, कारण दोन्ही संख्याच आहेत आणि ७६.५८ हा अक्षांश नव्वदच्या आतच बसतो. अक्षांश-रेखांशाचे वेगळे टाइप केले, तर पुढच्या हिशेबातली अदलाबदल टळते. मुळातच उलटी आलेली फाइल त्याने पकडली जात नाही. त्यासाठी महाराष्ट्राच्या हद्दीची अट (अक्षांश साधारण १५.६ ते २२.१) एल्ममध्ये ‘अँडदेन’ने डीकोडरातच घालावी.

नावांचा घोळ वेगळाच. लातूरच्या शेजारचे उस्मानाबाद २०२३ मध्ये धाराशिव झाले, पण जुन्या फायलींत जुने नाव राहिले. ‘वनऑफ’ने दोन्ही नावे एकाच टाइपकडे वळवता येतात. संकेतांक (५२५) धरला तर ही कसरतच नको. मात्र २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघरला २०११ चा संकेतांकच नाही, म्हणून ते मूल्य ऐच्छिक ठेवावे लागते. एल्ममध्ये तिथे ‘नल’ लिहून येत असेल तर ‘नलेबल’ पुरते. ‘की’ मुळातच गायब असेल तर बरेच जण ‘मेबी’ लावतात. पण ‘मेबी’ चुकीचे मूल्यही निमूटपणे ‘काही नाही’ असे धरून पुढे जाते, आणि ‘५२४’ ऐवजी ‘५२ ४’ आलेले कुणाच्या लक्षातही येत नाही.