गडावरच्या कुणबिणी व येरवड्याच्या बंदिणी

मळवली स्टेशनांत उतरून भाजें गांवाची वाट धरली, कीं लोहगड आणि विसापूर समोर उभे राहतात. सहलीला येणारी मंडळी लेणीं पाहतात, विंचूकांट्यापर्यंत जाऊन येतात आणि नाना फडणिसांचें तळें पाहून परततात. किल्ला हा तुरुंगहि असे, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. पेशवाईंत व्यभिचारासारख्या दोषाबद्दल अपराधी ठरलेल्या कित्येक बायका सरकारजमा होत. म्हणजे त्यांना कुणबिणी करून किल्ल्यांवर किंवा सरकारी कोठ्या-कारखान्यांत ठेवीत. दळणकांडण, झाडलोट, शेणगोठा हेंच मग त्यांचें आयुष्य. कामाला तोटा नव्हता. पण माहेर तुटलेलें, सासर तुटलेलें, आणि सुटका व्हावयाची तर सरकारच्या मर्जीनें. असें काम करून ती बाई कोणाची होत असे? जुन्या दप्तरांत कुणबिणींचा उल्लेख येतो तो बहुधा विकल्याच्या, बक्षीस दिल्याच्या किंवा पळून गेल्याच्या ओघांत.

लोहगडानें एका स्त्रीला आसराहि दिला, हें येथें सांगितलें पाहिजे. १८०० सालीं नाना फडणीस वारले आणि त्यांची अल्पवयी विधवा जिऊबाई पुण्यांतील कारस्थानांतून सुटून, धोंडोपंत निजसुरे या किल्लेदाराच्या भरंवशावर गडावर येऊन राहिली. १८०३ सालीं जनरल वेलस्लीच्या मध्यस्थीनें तिला सालीना १२,००० रुपयांचा तनखा ठरला व ती पनवेलीस गेली. तिच्यासाठीं बोलणारा किल्लेदार होता. दळणाऱ्या कुणबिणीसाठीं कोण बोलणार?

लंडनच्या न्यूगेट तुरुंगांतील बायकांची स्थिति त्या काळीं याहून फारशी बरी होती असें नाहीं. १८१३ सालीं क्वेकर पंथाची एलिझाबेथ फ्राय तेथें प्रथम गेली, तेव्हां बायका व त्यांचीं मुलें यांची नुसती खेंचाखेंच होती. १८१७ सालीं तिनें तेथें मुलांची शाळा काढली आणि बायकांना शिवणकाम मिळवून दिलें. यांतला एक बारीक तपशील मला शाळेहूनहि मोलाचा वाटतो. शिस्तीचे नियम तिनें वरून लादले नाहींत. एकेक नियम वाचून दाखविला आणि कैदी बायकांना हात वर करून मत देण्यास सांगितलें. ज्यांना न्यायाधीशापलीकडे कोणी कांहीं विचारलें नव्हतें, त्यांना कोणीतरी विचारलें!

आमच्याकडे ही वाट रमाबाई रानड्यांनीं धरली. १९०१ सालीं न्यायमूर्ति वारल्यावर त्या पुण्यास येऊन राहिल्या. १९०९ सालीं तेथें सुरू झालेलें सेवासदन सर्वांस ठाऊक आहे. मळवलीवरून जाणारी गाडी ज्या पुण्याला पोंचते, त्याच पुण्याच्या वेशीवरील येरवड्याच्या तुरुंगांत त्यांनीं घातलेल्या खेपा मात्र बहुधा एका ओळींत आटोपतात. बायकांच्या भागांत त्या नियमानें जात, बंदिणींशीं बोलत. त्यांचा स्वाभिमान जागा व्हावा हा त्यांचा हेतु. सुधारशाळेंतील मुलांना सणासुदीला खाऊ नेत. प्रतिष्ठित घराण्यांतील विधवेनें तुरुंगाची पायरी चढावी, ही गोष्ट त्या काळीं सोपी नव्हती. उपदेश करण्याची ती रीत आज कोणास जुनाट वाटेल, वाटो. घरच्यांनीं नांव टाकलेल्या बाईकडे कोणी आपण होऊन पुन्हां पुन्हां येतें, हें माझ्या मतें उपदेशाहून मोठें.

१९३० नंतर चित्र पालटलें. कायदेभंगाच्या चळवळींत सुशिक्षित घरांतल्या बायका स्वतःच कैदी होऊन येरवड्यास गेल्या. सरोजिनी नायडू त्यांतल्याच. त्यांच्यापाशीं ध्येय होतें, एकमेकींची सोबत होती, आणि बाहेर त्यांचा जयजयकार चालला होता. चोरीची, खुनाची शिक्षा भोगणाऱ्या बायकांपाशीं यांतलें कांहींच नव्हतें. हा फरक ज्यांच्या मनाला झोंबला त्यांत दुर्गाबाई, पुढें चिंतामणराव देशमुखांच्या पत्नी, या एक. वेल्लोरच्या तुरुंगांत त्यांना अशा बायका भेटल्या, कीं ज्यांना आपल्यावरचा आरोपहि नीट उमगलेला नव्हता. सुटल्यावर कायदा शिकावयाचा, हा निश्चय त्यांनीं तेथें केला, आणि पुढें मद्रासेंत त्यांनीं वकिली केली.