वैशाखातला मध आणि श्रावणातली उपासमार

१/ मधपेटीचा इतिहास बहुधा पेटीच्या शोधापाशीच थांबतो. सह्याद्रीत मात्र खरी कसोटी पावसाळ्याने घेतली.

२/ पूर्वी मध काढणे म्हणजे जवळजवळ लूटच. धूर करून मोहोळ कापायचे, पोळे अळ्यांसकट पिळायचे. मध गढूळ आणि वसाहत उद्ध्वस्त. १८५१ मध्ये अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ यांच्या ध्यानी आले, की सुमारे ६ ते ९ मिलिमीटरची फट माश्या बुजवीत नाहीत, ये-जा करण्यास मोकळी ठेवतात. या एका निरीक्षणामुळे पोळ्याची चौकट अखंड बाहेर काढता येऊ लागली. आपली सातेरी माशी युरोपीय माशीहून लहान. तिच्यासाठी दक्षिण भारतात फादर न्यूटन यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात छोटी पेटी घडवली.

३/ महाबळेश्वरात मार्च ते मे या काळात जांभूळ, गेळा, हिरडा फुलतात आणि पेट्या भरतात. पुढचे चार महिने हजारो मिलिमीटर पाऊस. माशी बाहेर पडणार कशी? वैशाखात ज्याने शेवटचा थेंबही काढून घेतला, त्याला भाद्रपदात पेटी रिकामी सापडे. सातेरी उपाशी राहून मरते किंवा घर सोडून निघून जाते. दुसरी शक्यताच अधिक.

४/ म्हणून पावसाआधी काही मध पेटीतच ठेवायचा. माश्या नसलेल्या चौकटी काढून घ्यायच्या, कारण मेणकिडा तिथेच शिरतो. दुबळ्या वसाहती एकत्र करायच्या. साखरेचा पाक द्यायचा तो संध्याकाळी. दिवसा दिला तर शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात. पाऊस सरला की वसाहत वाढते, तिचे विभाजन तेव्हा. कारवी सात-आठ वर्षांनी फुलते, त्या वर्षीचा हिशेब निराळाच.

५/ १९६२ मध्ये पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. मे २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातील मांघर ‘मधाचे गाव’ ठरले.

६/ हेच वेळापत्रक छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातील गच्चीवर वापरले, तर वसाहत हातची जाईल. इथे वार्षिक पाऊस सुमारे ७०० मिलिमीटर; संकट येते ते मे महिन्यात. पारा चाळिशीपार गेला की मेण मऊ पडते. माश्या पाणी आणून, पंख हलवून पोळे थंड राखतात. पेटीला सावली नसेल आणि जवळ पाणी नसेल, तर त्यांचे सारे बळ त्यातच खर्ची पडते.

७/ मराठवाड्यात माशीचे मोल मधापेक्षा बियाण्यात अधिक. जालन्यात १९६४ मध्ये महिको सुरू झाली आणि पुढे तो परिसर बियाणे उद्योगाचे केंद्र बनला. कांद्याच्या एकाच फुलात पराग आधी सुटतो, स्त्रीकेसर मागाहून तयार होते. माशी फिरली नाही तर बी धरत नाही. त्यामुळे कांदा फुलताच पेट्या शेताच्या बांधावर येतात आणि तेवढे दिवस फवारणी थांबवावी लागते.