ज्या, जेब आणि साइन

शालेय गणितात काटकोन त्रिकोण येतो, तेव्हा त्याच्या भोवतीचे बहुतेक शब्द आपल्या ओळखीचे असतात. कोन, बाजू, पाया, कर्ण. त्यांच्या पंक्तीत एक शब्द मात्र पाहुण्यासारखा अवघडून बसलेला दिसतो, तो म्हणजे साइन. एक कोन आणि एक बाजू ठाऊक असली की साइनच्या आधारे दुसरी बाजू काढता येते, एवढे विद्यार्थी शिकतो. त्या शब्दाचा अर्थ त्याला कोणी सांगत नाही आणि तोही विचारत नाही. आम्ही भाषा शिकवणारी माणसे असल्यामुळे हा प्रश्न आम्हांला सोडवेना. माग काढत गेल्यावर दिसते ते असे की, हा पाहुणा वास्तविक घरचाच आहे. दीर्घकाळ परमुलखात राहून, नाव बदलून तो परतला आहे. ही हकीकत अभिमान वाटावा अशी आहे, आणि त्या अभिमानाला आवर घालणारीही आहे.

आरंभ करायचा तो धनुष्यापासून. वर्तुळाचा एक तुकडा घेतला की तो धनुष्यासारखा दिसतो. म्हणून आपल्या ज्योतिर्विदांनी त्या तुकड्याला चाप म्हटले, त्याची दोन टोके जोडणाऱ्या रेषेला ज्या, म्हणजे प्रत्यंचा, आणि दोहोंच्या मधल्या अंतराला शर. अशा ज्यांची सारणी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमी या ग्रीक ज्योतिर्विदाने दिलेली आहे. परंतु तिथे हिशेब होता तो पूर्ण ज्येचा. भारतीय गणितींनी ती मधोमध तोडली आणि अर्धज्या हिशेबात घेतली. वरकरणी ही क्षुल्लक सोय वाटते. प्रत्यक्षात याच क्षणी वर्तुळाच्या पोटातून काटकोन त्रिकोण बाहेर आला: त्रिज्या हा त्याचा कर्ण, अर्धज्या ही कोनासमोरची बाजू आणि कोटिज्या ही लगतची. पुढे 'अर्ध' हे पद गळून पडले आणि अर्धज्येलाच ज्या किंवा जीवा म्हणू लागले.

इ. स. ४९९ च्या सुमाराचे आर्यभटाचे 'आर्यभटीय' घ्या. वर्तुळाच्या परिघाच्या २१,६०० कला मानल्या, तर त्रिज्या सुमारे ३,४३८ कलांची येते. आर्यभटाने पाऊण-चार अंशांच्या अंतराने चोवीस ज्यांमधील फरक एका श्लोकात अक्षरसंकेतांनी बांधून ठेवले आहेत: २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५, १९९ आणि पुढे शेवटच्या ७ पर्यंत. त्यांतले पहिले आठ आकडे वाचकांनी कागदावर मिळवून पाहावेत. बेरीज १,७१९ येते, म्हणजे ३,४३८ ची बरोबर निम्मी. आठ वेळा पाऊण-चार म्हणजे तीस अंश, आणि तीस अंशांचा साइन निम्मा असतो हे आजचा विद्यार्थीही पाठ म्हणतो. चोवीसही आकडे मिळवले तर पूर्ण त्रिज्या हाती येते.

आता या सारणीवरून अज्ञात बाजू कशी काढीत? वीस हातांची शिडी जमिनीशी तीस अंशांचा कोन करून भिंतीला टेकली आहे, असे समजू. कर्ण ३,४३८ असता समोरची बाजू १,७१९, तर कर्ण २० असता किती? उत्तर दहा हात. हे शुद्ध त्रैराशिक आहे. आज ज्याला आपण गुणोत्तर म्हणतो, ते त्या काळी स्वतंत्र संख्या म्हणून लिहिले जात नसे. ते त्रैराशिकाच्या रीतीत वसत असे. सारे गणित त्रैराशिकाने व्यापले आहे अशा आशयाचे 'लीलावती'तले विधान या दृष्टीने वाचले, म्हणजे त्यातील अतिशयोक्ती बरीच कमी होते.

त्याच 'लीलावती'त मोडलेला बत्तीस हातांचा वेळू आहे, वाऱ्याने कललेले कमळ आहे, नऊ हातांच्या खांबावरून सापावर झेपावणारा मोरही आहे. ही सर्व उदाहरणे भुज-कोटि-कर्णाच्या वर्गांनी सुटतात. तिथे कोन मोजण्याचे कारणच पडत नाही. जमिनीवर दोरी ताणता येते. आकाशात ती ताणता येत नाही. ग्रहाचा केवळ कोन हाती लागतो, आणि त्यावरून बाजू काढायची तर ज्या हवीच. ही सारणी जन्मली ती ज्योतिषाच्या गरजेतून.

पुढचा प्रवास शब्दाचा आहे. भारतीय ज्योतिषग्रंथ आठव्या शतकात बगदादला पोहोचले आणि 'जीवा'चे अरबीत 'जीबा' झाले. अरबी लेखनात स्वर बहुधा गाळतात. उरलेल्या अक्षरांना वाचणाऱ्यांनी 'जैब' असे वाचले. या शब्दाचा अर्थ वस्त्राची घडी, उराजवळचा भाग, खिसा. हिंदीतली 'जेब' याच शब्दापासून आली. बाराव्या शतकात अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे झाली, तेव्हा भाषांतरकारांनी इमानेइतबारे घडीचा लॅटिन प्रतिशब्द ठेवला: सायनस. त्याचेच पुढे साइन झाले. धनुष्याची दोरी अशी खिशात गडप झाली.

नेमक्या याच शतकात, शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० साली, सह्याद्रीच्या आश्रयाला असलेल्या विज्जलविडाचे भास्कराचार्य 'सिद्धांतशिरोमणी' रचत होते. त्यांच्या ज्योत्पत्तीत दोन चापांच्या बेरजेची ज्या काढण्याची रीत आहे. त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापला. तिथला शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे, आणि मठाच्या उत्पन्नाचा तपशील मात्र मराठीत. आम्हांला हा तपशील बोलका वाटतो. ज्येचे ज्ञान संस्कृतात राहिले. मराठीच्या वाट्याला त्या ज्ञानाच्या योगक्षेमाचा हिशेब आला. कर्ण हा शब्द आपल्या शाळेपर्यंत टिकला, ज्या टिकली नाही.

मग सारे आमचेच होते, असे म्हणायचे का? तसे म्हणू लागताच 'केंद्र' हा शब्द आडवा येतो. वर्तुळाला ज्याच्यावाचून अस्तित्व नाही तो हा शब्द ग्रीकांकडून संस्कृतात आला. टॅनचे मूळ सावलीत. अरबी ज्योतिर्विदांनी तिच्या सारण्या रचल्या, आणि टॅन्जंट हे नाव डॅनिश गणिती थॉमस फिंके याने १५८३ मध्ये दिले. काटकोन त्रिकोणाच्या तीन बाजूंवर इतक्या भाषांचे हात फिरले आहेत.

म्हणून पाठ्यपुस्तकातून साइन हद्दपार करावा, असा आमचा आग्रह नाही. जगाशी बोलायचे तर जगाची खूण हवी. परंतु ती खूण प्रथम फळ्यावर उमटते तेव्हा शेजारी एक धनुष्य काढावे, त्याची दोरी मधोमध तोडून दाखवावी आणि हिला ज्या म्हणत, एवढे एक वाक्य सांगावे. सूत्र पाठ करणाऱ्या मुलाला त्या सूत्राचे चित्र मिळेल. मराठीतून शिकल्याचा एवढा तरी लाभ त्याच्या पदरात, अथवा जेबेत, पडावा.