डबाबंद मासळीचे लेबल खोटे निघाले तर? कायदा, दंड आणि तक्रारीची पद्धत

ताजा बांगडा घेताना आपण कल्ले उघडून बघतो, बोटाने दाबून बघतो. डब्यातल्या मासळीत ती सोय नाही. मुंडके-कातडी काढून शिजवलेला तुकडा कुप्याचा, म्हणजे ट्यूनाचा, आहे की दुसऱ्या स्वस्त माशाचा, हे नुसते बघून सांगणे कठीण. खात्रीसाठी प्रयोगशाळेत डीएनए तपासणी लागते. गिऱ्हाइकाच्या हातात फक्त लेबल असते. त्यामुळे आतला माल खाण्यालायक असला, तरी लेबल खोटे असेल तर कारवाई होते.

लेबलवर काय बघायचे?

- पदार्थाचे नाव आणि घटक
- एफएसएसएआयचे चिन्ह व १४ अंकी परवाना क्रमांक
- उत्पादकाचे नाव-पत्ता. परदेशी माल असल्यास आयातदाराचे नाव-पत्ता आणि मूळ देश
- बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख
- निव्वळ वजन. मासळी मिठाच्या पाण्यात असेल तर पाणी निथळल्यावर उरणारे वजनही

कायदा काय सांगतो?

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार खोटे किंवा दिशाभूल करणारे लेबल असलेला माल 'मिथ्याछाप' ठरतो. कलम ५२ खाली ३ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बनवणारा, आयात करणारा, साठवणारा आणि विकणारा, सगळेच यात येतात. माल असुरक्षित निघाला आणि तो खाऊन कुणाचा मृत्यू झाला, तर कलम ५९ खाली किमान ७ वर्षे ते जन्मठेप आणि किमान १० लाख रुपये दंड आहे.

कारवाई कशी होते?

राज्यात हे काम अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, करते. अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेऊन त्याचे चार भाग करतात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो. त्यांनी १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. अहवाल मान्य नसेल तर व्यापारी ३० दिवसांत अपील करू शकतो. दंड किती, हे न्यायनिर्णय अधिकारी सुनावणी घेऊन ठरवतात. म्हणजे नमुना नेला की लगेच दंड झाला, असे नसते.

तुम्ही काय कराल?

- डबा आणि बिल फेकू नका. लेबलचे चारही बाजूंनी मोबाईलवर फोटो काढा, बॅच क्रमांक स्पष्ट दिसला पाहिजे.
- एफडीएच्या १८००२२२३६५ या टोल फ्री क्रमांकावर किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार करा.
- कलम ४० नुसार फी भरून स्वतःही तपासणी करून घेता येते. मात्र तसे विकत घेतानाच दुकानदाराला सांगावे लागते. माल दोषी निघाला तर फी परत मिळते.
- फुगलेला किंवा गळका डबा असेल तर चव घेऊनही बघू नका. त्यात बोट्युलिझमचे जीवघेणे विष असू शकते आणि ते वासावरून कळेलच असे नाही.

गावातल्या दुकानदारांनीही लक्षात ठेवा: घाऊक व्यापाऱ्याचे बिल जपून ठेवा. कायद्यात ते बिल मालाची लेखी हमी मानले जाते. माल कुणाकडून घेतला हे सांगता आले नाही, तर जबाबदारी तुमच्यावरच येते.