घर्षणाची वीज आणि दिव्याची वीज

कोल्हापूरच्या परिसरात वैशाखातील वळीव येऊन गेला की 'माळावर वीज पडली' आणि 'गावातील वीज गेली' ही दोन वाक्ये एकाच ओसरीवर ऐकू येतात. दोहोंतील नाम एकच; भेद सांभाळतात ती क्रियापदे. आकाशातील वीज चमकते, कडाडते, पडते. तारेतील वीज येते, जाते, तोडली जाते. अलीकडे बोलीत 'लाईट गेली' असे म्हणण्याचा प्रघात पडल्याने 'वीज' हा शब्द पुन्हा बराचसा आकाशाकडे परतला आहे, हेही नमूद केले पाहिजे. तथापि नाम एक असल्यामुळे एक प्रश्न सहज उद्भवतो. ढगांत साचणारी, किंवा कंगवा केसांवर घासला असता उत्पन्न होणारी वीज घरातील दिवा पेटवू शकेल काय? या प्रश्नाला पदार्थविज्ञानाचा इतिहास आहे, तसा शब्दांचाही आहे.

संस्कृत 'विद्युत्', प्राकृत 'विज्जु', मराठी 'वीज' ही परंपरा सरळ आहे. मूळ धातू 'द्युत्', म्हणजे प्रकाशणे. युरोपीय नाव मात्र दुसऱ्याच अनुभवातून आले. ग्रीक भाषेत 'एलेक्ट्रॉन' म्हणजे अंबर; ते घासले असता हलक्या वस्तू ओढून घेते. विल्यम गिल्बर्टने १६०० साली आपल्या लॅटिन ग्रंथात त्यावरूनच विशेषण घडविले. फारसीत अंबराला 'काहरुबा', म्हणजे गवताची काडी ओढून नेणारा, असे म्हणतात, आणि आजच्या अरबीतील विजेचे नाव त्यापासूनच आलेले आहे. संस्कृतातही 'तृणमणि' हा शब्द आहे. म्हणजे काडी ओढणारा मणी आपल्याकडेही ठाऊक होता. पण त्याचा आणि आकाशातील विजेचा संबंध भाषेने जोडला नाही. तो जोडला जाण्यास अठरावे शतक उजाडावे लागले.

घर्षणातून उजेड मिळतो, हे त्याआधीच दिसले होते. फ्रान्सिस हॉक्सबी याने १७०५-०६ च्या सुमारास हवा काढून घेतलेला काचगोल फिरवून त्यावर हात टेकविला, तेव्हा आत जांभळट प्रकाश पसरला. त्यात मोठी अक्षरे वाचता येत. १७४५-४६ मध्ये लायडन पात्राने वीज साठविण्याची सोय झाली आणि १७५२ च्या प्रयोगांनी मेघांतील वीज व काचेवरील वीज एकच असल्याचे ठरले.

हे ज्ञान मराठी भाषकांच्या राजगृही लवकरच पोहोचले. तंजावरचे सरफोजी राजे (१७७७–१८३२) यांच्या संग्रहात वायुपंप व हस्तिदंती सांगाडा यांच्या जोडीला विजेचे यंत्रही होते. व्होल्टाचा घट १८०० सालचा. त्या काळी विजेचे यंत्र म्हणजे काच घासून ठिणग्या पाडणारे यंत्रच असे. इंग्रजी शाळा-महाविद्यालयांतून मुंबई-पुण्याकडे विज्ञान आले, एवढाच इतिहास सांगण्याची आपली सवय पाहता, तंजावरच्या या यंत्राची आठवण अधिक ठेवली गेली पाहिजे. पुढे १८५० नंतरच्या दशकात प्रवाही वीज सामान्य माणसाच्या व्यवहारात आली ती दिव्याच्या रूपाने नव्हे, संदेशाच्या रूपाने. आणि लोकांनी तिला वीज म्हटलेच नाही, 'तार' म्हटले. खोपोलीच्या जलविद्युत्गृहातून १९१५ मध्ये मुंबईला पुरवठा सुरू झाला, तोवर 'वीज' या शब्दाचा अर्थविस्तार झालेला होता.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दहा हजार व्होल्टपर्यंत भारित झालेल्या मनुष्यदेहात साठलेली ऊर्जा साधारणपणे एका ज्यूलचा दोनशेवा भाग असते. साठ वॅटच्या तंतूच्या दिव्याला ती सेकंदाच्या बारा हजाराव्या भागापुरती पुरेल. तेवढ्यात टंगस्टनची तार तापतही नाही. निऑनच्या लहान दिव्याची गोष्ट निराळी. त्याला सुमारे नव्वद व्होल्टचा दाब आणि नाममात्र प्रवाह पुरतो, म्हणून घर्षणाच्या विजेने तो क्षणभर स्पष्ट लुकलुकतो. अंधारात घासलेली ट्यूबलाईटही अशीच चमकते. हॉक्सबीच्या गोलाचीच ही वंशज मंडळी. उलट आकाशातील एका विजेत सुमारे एक अब्ज ज्यूल ऊर्जा असते. वीजबिलाच्या भाषेत पावणेतीनशे युनिट. पण तिचा बहुतेक भाग उष्णता व गडगडाट यांतच खर्ची पडतो.

सारांश, अडचण विजेच्या जातीची नाही, परिमाणाची आहे. फॅरडेने १८३३ मध्ये घर्षणाची, घटाची व चुंबकाची वीज एकच असल्याचे दाखविले. त्याने असाही हिशेब केला की, एक ग्रेन पाण्याचे विघटन करावयाचे तर त्याच्या मोठ्या लायडन पात्रसंचाचे आठ लाख भार लागतील.

या दृष्टीने पाठ्यपुस्तकांतील 'स्थिर विद्युत्' ही संज्ञा तपासण्यासारखी आहे. ती इंग्रजी संज्ञेचे भाषांतर म्हणून निर्दोष असली, तरी विद्यार्थ्याला दोन निराळे पदार्थ असल्याचा भास करून देते. आणि निऑनचा दिवा लुकलुकतो तो ही विद्युत् स्थिर राहणे सोडते त्याच क्षणी. आरंभीच्या इयत्तांत 'घर्षणविद्युत्' ही संज्ञा अधिक प्रामाणिक ठरेल. ती उत्पत्ती सांगते, स्वभावाविषयी काही गृहीत धरीत नाही. आपल्या बोलीतील 'वीज' या एकाच नामाने तर फॅरडेचा सिद्धान्त नकळत मान्य केलेलाच आहे.

व्यवहाराची एक गोष्ट राहिली. दमट हवेत घासलेल्या वस्तूवरील भार टिकत नाही. इचलकरंजीच्या मागांवर कृत्रिम धाग्यात हा भार साचून धागे एकमेकांना चिकटतात किंवा फिसकारतात, तेथे हवेत मुद्दाम ओलावा ठेवणे हा उपायच आहे. आपल्या शाळांचे वर्ष मात्र जूनमध्ये, भर पावसाच्या तोंडावर सुरू होते. कंगवा आणि कागदाच्या कपट्यांचा प्रयोग कोल्हापुरात आषाढात केला तर कपटे जागचे हलत नाहीत; तो मार्गशीर्षातील कोरड्या सकाळी ठेवावा.