निवडणूक निधी आणि क्षमेच्या दोन वाटा

निवडणूक निधीच्या गुन्ह्याला क्षमा करण्याची अमेरिकेतील प्रथा जुनी आहे. निक्सन यांच्या १९७२ च्या प्रचाराला बेकायदा देणग्या दिल्याबद्दल दोषी ठरलेले जॉर्ज स्टाइनब्रेनर यांना जानेवारी १९८९ मध्ये, पद सोडता सोडता, राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी माफी दिली. त्याच प्रचारातील देणगीदार आर्मंड हॅमर यांना त्याच वर्षी ऑगस्टमध्ये थोरल्या बुश यांनी माफ केले.

आपल्याला जवळचे उदाहरण दिनेश डिसोझा यांचे. जन्म मुंबईचा, कुटुंब मूळचे गोव्याचे. २०१२ साली सेनेटची निवडणूक लढविणाऱ्या मैत्रिणीला मर्यादेबाहेर मदत करण्यासाठी त्यांनी इतरांच्या नावाने २०,००० डॉलर दिले. २०१४ मध्ये गुन्हा कबूल केल्यावर त्यांना आठ महिने देखरेखीखालील निवासकेंद्र, पाच वर्षे परिवीक्षा आणि ३०,००० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. ३१ मे २०१८ रोजी ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली.

आपल्या राज्यघटनेचा अनुच्छेद ७२ राष्ट्रपतींना क्षमादानाचा अधिकार देतो. तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरला जातो. परंतु निवडणूक निधीबाबत आपल्याकडील मोठी क्षमा त्या वाटेने आली नाही. मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने काँग्रेस आणि भाजप या दोन्ही पक्षांनी विदेशी देणग्यांविषयीच्या १९७६ च्या कायद्याचा भंग केल्याचा निष्कर्ष काढून कारवाईचा आदेश दिला. त्यानंतर २०१६ च्या वित्त अधिनियमाने ‘विदेशी स्रोत’ या संज्ञेची व्याख्या २०१० पासून पूर्वलक्षी प्रभावाने बदलली. २०१८ च्या वित्त अधिनियमाने हा बदल थेट ५ ऑगस्ट १९७६ पर्यंत मागे नेला. मार्च २०१८ मध्ये लोकसभेने ते विधेयक गदारोळात, चर्चेविना संमत केले. डिसोझा यांची माफी त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी आली.

मे २०१६ मध्ये मी तंजावर जिल्ह्यातील पापनाशम येथे निवडणूक खर्च निरीक्षक होतो. उमेदवाराची खर्चमर्यादा २८ लाख रुपये होती. प्रत्येक वाहनाचा, मंडपाचा, चहाचा दर लावून नोंदवही भरावी लागे. शेजारच्या तंजावर मतदारसंघातील मतदान पैसेवाटपाच्या कारणावरून आयोगाने आधी पुढे ढकलले, मग रद्द केले. ते १९ नोव्हेंबरला झाले. २०१६ च्या वित्त अधिनियमाला राष्ट्रपतींची संमती मिळाली तीही त्याच मे महिन्यात. खाली चहाचा हिशेब चालू होता आणि वर जुना हिशेब एका कलमाने मिटत होता.

अर्थशास्त्राच्या भाषेत, क्षमेची अपेक्षा गुन्ह्याची किंमत कमी करते. दोन्ही वाटांना हे लागू आहे. फरक उत्तरदायित्वाचा आहे. राष्ट्राध्यक्षाच्या माफीपत्रावर माफ होणाऱ्याचे नाव असते, तारीख असते, सही असते. मतदार जाब विचारू शकतो. पूर्वलक्षी कलमात लाभार्थ्याचे नाव नसते, आणि ते संमत करणाऱ्यांतच लाभार्थी बसलेले असतात. म्हणून राजकीय निधीविषयीचा प्रत्येक बदल स्वतंत्र विधेयकाने, चर्चेनंतर आणि केवळ पुढील काळासाठी व्हावा. नियम मोजक्यांसाठी सैल होऊ लागला, की नोंदवही भरणाऱ्याच्या हातातील लेखणीचे वजन उतरते.