पार्सिपनीच्या तळघरातला इतिहास

थंडीची चाहूल लागली की न्यू जर्सीतल्या मराठी घरांमध्ये एक विषय हमखास निघतो. जुनी फर्नेस बदलायची, तर पुन्हा गॅसचीच घ्यायची की हीट पंप बसवायचा? प्रश्न आजचा वाटतो, पण पार्सिपनीच्या परिसराने तो गेल्या दोनशे वर्षांत अनेकदा सोडवला आहे. आणि बहुतेक वेळा उत्तर ठरलं ते दारात कोणतं इंधन येतं यावरून, घर उष्णता किती धरून ठेवतं यावरून नव्हे.

आधी लाकूड होतं. १८३१ मध्ये मॉरिस कालवा सुरू झाला. शेजारच्या बूंटनवरून जाणाऱ्या या कालव्यातून पेनसिल्व्हेनियाचा अँथ्रासाइट कोळसा नेवार्ककडे जाऊ लागला. धूर कमी आणि आच जास्त, म्हणून हा कोळसा घरांना मानवला. पुढे रेल्वेने कालव्याला मागे टाकलं आणि १९२४ मध्ये तो बंद झाला, पण कोळशाने तोवर तळघरात बस्तान बसवलं होतं. बॉयलरमधली वाफ किंवा गरम पाणी रेडिएटरमधून घरभर फिरे. आजोळी तांब्याचा बंब पाहिलेल्यांना हा बॉयलर फार परका वाटू नये.

याच काळात पार्सिपनीत एका माणसाने या प्रश्नाचा वेगळा विचार केला. फर्निचरकार आणि ‘द क्राफ्ट्समन’ मासिकाचे संपादक गुस्ताव स्टिकली यांनी इथे क्राफ्ट्समन फार्म्स उभारलं. तिथलं ओंडक्यांचं घर १९११ मध्ये बांधून झालं. उघड्या फायरप्लेसमधली बहुतेक उष्णता धुराड्यातून वर निघून जाते. म्हणून स्टिकलींनी बाहेरची ताजी हवा आत घेऊन, तापवून खोल्यांमध्ये सोडणारी फायरप्लेस विकायला काढली. उष्णता आणि वायुवीजन यांचा विचार घर बांधतानाच करायचा, ही त्यामागची दृष्टी. १९१५ मध्ये त्यांचं दिवाळं निघालं. १९८९ मध्ये टाउनशिपने ही जागा टाउनहाउसच्या बांधकामापासून वाचवली, आणि आज तिथे संग्रहालय आहे.

लेक पार्सिपनीची कथा नेमकी उलटी. १९३० च्या दशकात न्यू यॉर्कच्या ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राने इथे उन्हाळी वसाहत वसवली. सुट्टीपुरती बांधलेली ती छोटी घरं पुढे बारमाही राहती झाली. उन्हाळ्यासाठी बांधलेल्या घरात जानेवारी काढायचा, तर भिंतींतून निसटणारी उष्णता इंधन जाळून भरून काढावी लागते.

हे परवडलं, कारण इंधन स्वस्त होतं. कोळशाच्या जागी तेल आलं. अंगणात पुरलेल्या तेलाच्या टाक्या घर घेताना आजही तपासाव्या लागतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या तेलवाहू जहाजं बुडवू लागल्या, तेव्हा टेक्सासहून न्यू जर्सीपर्यंत पाइपलाइन टाकली गेली. युद्धानंतर तिच्यातून नैसर्गिक वायू वाहू लागला आणि गॅस फर्नेसचं युग सुरू झालं.

१९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर आलेल्या मराठी कुटुंबांना ही घरं अशीच मिळाली. लवकरच १९७३ चं तेलसंकट आलं, आणि १९७७ च्या कडक हिवाळ्यात गॅसही कमी पडला. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी स्वेटर घालून टीव्हीवरून आवाहन केलं: थर्मोस्टॅट दिवसा ६५ आणि रात्री ५५ अंश फॅरनहाइटवर ठेवा. १९८७ च्या कायद्याने फर्नेसच्या कार्यक्षमतेची किमान पातळी ठरवली आणि १९९२ पासून ती ७८ टक्के झाली. आज ९५ टक्क्यांच्या फर्नेस सहज मिळतात.

हीट पंपची कल्पना लॉर्ड केल्विन यांनी १८५२ मध्येच मांडली होती. तो उष्णता निर्माण करत नाही, बाहेरच्या हवेतली आत आणतो. त्यामुळे एक युनिट विजेत दोन ते तीन युनिट उष्णता मिळू शकते. कडाक्याच्या थंडीत मात्र हे प्रमाण घटतं. २०२५ च्या जूनमध्ये न्यू जर्सीत वीज बरीच महागली, आणि हीट पंपवरची केंद्रीय करसवलत त्याच वर्षाअखेर संपली. म्हणजे इंधनाचं गणित पुन्हा बदललं.

ते पुढेही बदलेल. फर्नेस किंवा हीट पंप साधारण पंधरा-वीस वर्षं टिकतो, भिंती त्याहून कितीतरी जास्त. म्हणून कॉन्ट्रॅक्टरला यंत्राची किंमत विचारण्याआधी एनर्जी ऑडिट करून घ्यावं, माळ्यावरचं इन्सुलेशन वाढवावं, दारं-खिडक्यांच्या फटी बुजवाव्यात. मग लागणारं यंत्र लहान असेल, आणि इंधन कोणतंही असलं तरी बिल आटोक्यात राहील.